मोती, मोहरा आणि खुर्दा

९ जानेवारी

भाचीची एम.ए. इंग्रजीची परीक्षा तोंडावर आली आहे. अब्राम्सच्या साहित्यसंज्ञांच्या कोशाला तिने रंगीत चिठ्ठ्या डकवल्या आहेत. व्याख्या सगळ्या पाठ, पण उदाहरण विचारलं की शेक्सपिअरची ठरलेली दोन-तीन वाक्यं. तीही गाइडातली. रविवारी पानिपतला काला अंब पाहायला जायचंच आहे. म्हटलं, कोश राहू दे घरी.

११ जानेवारी

धुकं इतकं की सोनीपतपर्यंत पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. पानिपत शहरापासून सात-आठ किलोमीटरवर कुंपण, बाग आणि मधे विटांचा उंच स्तंभ. आंबा केव्हाच गेला, स्तंभ त्याच्या जागी. १७६१च्या लढाईत रक्ताने माती भिजून या झाडाच्या आंब्यांचा रस काळा झाला, अशी आख्यायिका.

"पॅथेटिक फॅलसी!" भाची लगेच म्हणाली.

तसं नाही. रस्किनने १८५६मध्ये ही संज्ञा काढली ती निसर्गाला माणसाच्या भावना चिकटवणाऱ्या कवींना नावं ठेवायला. झाड दुःखाने काळवंडलं असं कुणी म्हटलं, तर ती पॅथेटिक फॅलसी. इथे लोक सरळ कारण सांगतात, रक्त मुरलं म्हणून रस काळा. ही नावामागची दंतकथा झाली. आणि लोक चपला काढून ज्याला हात जोडतात तो विटांचा स्तंभ, ते प्रतीक.

"मावशी, पेपरात एवढं कोण विचारतं?"

परतताना बू अली शाह कलंदरच्या दर्ग्यात उर्दू कवी हालींच्या कबरीपाशी थांबलो. अल्ताफ हुसेन हाली (१८३७–१९१४) पानिपतचेच. लाहोरच्या सरकारी बुक डेपोत इंग्रजीतून उर्दूत आलेल्या पुस्तकांची भाषा तपासता तपासता त्यांची इंग्रजी समीक्षेशी ओळख झाली. पुढे १८९३च्या 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी'त मिल्टनचे निकष हाताशी धरून त्यांनी गझलेची झाडाझडती घेतली. लखनौकरांना ते झोंबलं. आमची भाची नेमक्या उलट्या वाटेने, घरच्या उदाहरणांवरून इंग्रजी संज्ञांकडे, चालली आहे, आणि ते तिच्या गावीही नाही.

१२ जानेवारी

आज पानिपतच्या पराभवाची खबर देणारं ते पत्र काढलं. पानिपतावर मराठी फौज घेऊन गेलेल्या भाऊसाहेबांच्या मदतीला उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत सावकाराचा कासीद सापडला. त्याच्याजवळच्या चिठ्ठीत नाव कुणाचंच नव्हतं. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि चांदी-तांब्याची मोजदाद न होणारी नाणी एवढ्यांच्या नुकसानीची खबर होती. ग्रँट डफने १८२६च्या आपल्या इतिहासात ती दिली आहे.

मोती म्हणजे भाऊसाहेब आणि पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे उरलेली फौज. भाचीने वहीत 'मेटॅफर' लिहिलं. मी म्हटलं, पुढे बघ. एकच रूपक शेवटपर्यंत ताणलंय, म्हणून एक्स्टेंडेड मेटॅफर. वरवर तोट्याची बातमी आणि आत सगळा संहार, म्हणून थोडी ॲलेगरीही. पण मला खटकतो तो भाव. शिपाई मेला तरी खुर्दाच. सावकाराने दुःख सांगतानाही चलनाची उतरंड मोडली नाही. हे कुठल्याही कोशात सापडायचं नाही, पत्रातच वाचावं लागतं.

आणि ड्रॅमॅटिक आयरनी? २७ डिसेंबर १७६०. पानिपतावर फौजेची अन्नान्नदशा, आणि इकडे पैठणला नानासाहेब दुसऱ्या लग्नाला उभे. आपल्याला पुढचं माहीत आहे, मांडवातल्या कुणालाच नाही.

१४ जानेवारी

मंडळात तिळगूळ. भाषणात पानिपतच्या लढाईबद्दल नेहमीप्रमाणे 'संक्रांतीच्या दिवशी संक्रांत कोसळली'. ऐकायला झकास, पण संक्रांत दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. १७६१मध्ये ती लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. मी काही बोलले नाही. लाडू चांगले होते.

पानिपतावर लाख बांगडी फुटली, असं आपण म्हणतो. फुटते बांगडी आणि जातं सौभाग्य. मेटॉनिमीला याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही. बांगडी सौभाग्यासारखी दिसत नाही, ती नुसती त्याच्यासोबत असते. मेटॅफरला साम्य लागतं, मेटॉनिमीला सोबत पुरते. हे मात्र भाचीला एका झटक्यात कळलं. 'पानिपत झालं' हेही तिने स्वतःहून जोडलं, शेजारी इंग्रजांचं वॉटर्लू.

१६ जानेवारी

आज वाद झाला. सराव-प्रश्न हॅमार्टियाचा. तिने लिहिलं, गर्व हा भाऊसाहेबांचा दोष, त्यातून विनाश. गाइडातल्या साच्यात फिट्ट. पण ॲरिस्टॉटलची हॅमार्टिया म्हणजे चूक, अंदाज फसणं. स्वभावाला लागलेली कीड असा अर्थ पुढच्यांनी रूढ केला. दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत भाऊंनी उतरवून टाकसाळीत धाडलं, ते उद्दामपणाने की फौजेच्या पगारासाठी? डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, माणसं-जनावरं उपाशी पडली, तो कुणाच्या स्वभावाचा दोष? बायका-मुलं, यात्रेकरू बरोबर नेणं ही चूक म्हण, माझी हरकत नाही. सगळ्याला गर्व म्हटलं की उरलेलं शोधायची गरजच राहत नाही.

"मग लिहू काय?"

दोन्ही लिही, म्हटलं.

तिने उत्तर नव्याने लिहिलं, पण भाऊसाहेब काढून ईडिपस घातला. परीक्षकाला गोविंदपंत कुठून माहीत असणार, म्हणाली. ड्रॅमॅटिक आयरनीखाली मात्र पैठणचं लग्न ठेवलंय, आणि परीक्षकासाठी नानासाहेब कोण ते दोन ओळींत सांगितलंय. इंग्रजीत 'पेशवा'चं स्पेलिंग तिने दोन ठिकाणी दोन तऱ्हेने केलंय, ते उद्या बघायचं.