मंजूर, मंजूर!

ग्रामसभेत ठराव वाचून होतो. "सगळ्यांना मंजूर?" पुढच्या रांगेतून दोन आवाज येतात, "मंजूर, मंजूर." मागे बसलेल्या निम्म्यांना ठराव धड ऐकूच गेलेला नसतो. पण शेजारचा गप्प आहे म्हणजे त्याला पटलं असणार, असं जो तो धरून चालतो; आणि शेजारचाही याच्याकडे बघून तेच धरून चालतो. समाजमानसशास्त्र शिकवणाऱ्याला आमच्या वैजापूर तालुक्यासारखी सोयीची जागा नाही.

वर्गात सुरुवात होते ती अमेरिकेतल्या सॉलोमन ॲश यांच्या 1951 च्या प्रयोगापासून. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी कोणती, ते सांगायचं. शेंबडं पोरही सांगेल. पण खोलीतला एक सोडून बाकी सगळे ॲश यांनीच पढवलेले, काही फेऱ्यांत एकमुखाने धडधडीत चुकीचं सांगणारे. त्या फेऱ्यांत साधारण एक तृतीयांश वेळा तो बिचाराही त्यांच्या सुरात सूर मिळवून चुकला. एकट्याने उत्तर देणाऱ्यांत ही चूक शंभरात एकही नव्हती.

बहुतेक पुस्तकं या आकड्यापाशी थांबतात. मला त्यापुढचं जास्त मोलाचं वाटतं. पढवलेल्यांतला एकजण जरी खरं बोलला, तरी चुका पाच-सहा टक्क्यांवर येतात. तो वेगळ्याच तऱ्हेने चुकला, तरीसुद्धा दाब ढिला पडतो. उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचं असेल तरीही पडतो. म्हणजे डोळे बहुतेकांचे शाबूत होते. भीती होती ती चारचौघांत वेगळं पडण्याची.

अंधारात मात्र डोळेही दगा देतात. मुझफर शेरीफ यांनी 1935 मध्ये दाखवलं होतं की काळोख्या खोलीतला स्थिर ठिपका हलल्यासारखा भासतो, आणि तो किती हलला याचा आकडा माणसं एकमेकांचं ऐकून ठरवतात. पुढे एकटं बसवलं तरी तोच आकडा धरून ठेवतात. आपल्याकडच्या चोरांच्या अफवा अशाच वाढतात. वस्तीवरचा एकजण गच्चीवरून बॅटरी मारतो. पलीकडच्या वस्तीवरचा ती बघून आपली लावतो. पहिल्याला वाटतं, त्याला काहीतरी दिसलंय. मग फोन, शिट्ट्या, काठ्या. कुणालाच काही दिसलेलं नसतं, पण एव्हाना साक्षीदार दोन झालेले असतात.

जून 2018 मध्ये आमच्याच तालुक्यात, चांडगावला, दरोडेखोर समजून जमावाने केलेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला. 1 जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाचजणांना मारलं. अशा वेळी 'जमावाला चेहरा नसतो' असं छापून येतं. मला ते पटत नाही. शहरातल्या गर्दीचं तसं असेलही. गावात प्रत्येक चेहरा ओळखीचा असतो, आणि "थांबा, आधी पोलिसांना बोलवू" हे शब्द घशात अडकतात ते त्यामुळेच. उद्या पारावर याच माणसांत बसायचं असतं.

याच ओळखीने दुसरं काय होतं, ते सराला बेटाच्या अखंड हरिनाम सप्ताहात बघावं. गंगागिरी महाराजांनी सुरू केलेल्या या सप्ताहाला लाखोंची पंगत बसते, आणि भाकरी येते ती आजूबाजूच्या गावांतून, ट्रॅक्टर भरभरून. घरटी हिशोब मागायला कुणी येत नाही. शेजारी तवा चढला की आपल्याही घरात पीठ मळायला घेतात, एवढंच. गावाची भाकरी कमी पडली म्हणून उद्या कुणी बोलायला नको! ॲश यांच्या खोलीतली भीती ती हीच. इथे तिच्यावर लोक जेवतात.

राहता राहिला प्रश्न खरं बोलणाऱ्या त्या एकाचा. त्याच्यासाठी अमेरिकेला जायला नको, शिऊर आपल्याच तालुक्यात आहे. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई इथल्या सासुरवाशीण. ब्राह्मण घरातल्या बाईने तुकोबांना गुरू मानायचं, हे नवऱ्याला सोसेना. त्याने मारहाण केली. पंचक्रोशीत तिची बाजू घेणारं कोण असणार? सोबतीचा एक माणूस तिला मिळाला, तो आधी स्वप्नात. कोल्हापुरात असताना तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला, असं ती आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगते. प्रत्यक्ष भेटीच्या आधीच तिचं एकटेपण मोडलं होतं. नवराही पुढे बदलला.

आज शिऊरला तिच्या समाधीच्या दर्शनाला गर्दी होते. मीही जातो. न जाऊन सांगतो कुणाला?