गुडघ्याचा नकाशा

मंडळी, "बाई, ऑपरेशनचं काय ठरलं?" असं इतके जण विचारताहेत, की प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

आपल्याकडे सगळे 'वाटी बदलली' म्हणतात. खरं तर वाटी पुष्कळदा जागच्या जागीच असते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक, यांचा झिजलेला थर काही मिलिमीटर कापतात, त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती. माझा उजवा गुडघा आतल्या बाजूने पार घासलाय. पाय धनुष्यासारखा झालाय, ते आरशातही दिसतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी मला उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंत एकच लांब एक्स-रे काढला. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली, तर ती साधारण गुडघ्याच्या मधोमध जायला हवी. गवंड्याचा ओळंबाच म्हणा ना! माझी रेघ गुडघ्याच्या आतून निसटते. मग सी. टी. स्कॅन. त्यावरून संगणकाने माझ्या गुडघ्याची त्रिमिती आकृती केली. डॉक्टर ती पडद्यावर फिरवून दाखवत होते... इथे इतके मिलिमीटर कापायचं, या मापाचा सांधा, इतक्या अंशांत. स्वतःचं हाड असं गरगर फिरताना पाहणं विचित्रच वाटतं बरं का.

यात एक गंमत कळली. मांडीचं हाड त्या सरळ रेघेत नसतं, साधारण पाच ते सात अंश तिरपं असतं. जुन्या पद्धतीत हाडाच्या पोकळीत सळई घालून एक ठरावीक कोन धरतात. संगणक ज्याचा त्याचा कोन मोजतो. नुसत्या एक्स-रेवरून माप काढायचं असेल, विशेषतः खुब्याचं, तर शेजारी २५ मिलिमीटरची धातूची गोळी ठेवतात. फोटोत ती ३० दिसली की समजायचं, सगळंच सहा-पंचमांश मोठं आलंय. त्रैराशिक! सातवीच्या वर्गात "याचा उपयोग काय?" विचारणाऱ्यांनी आता वाचावं.

पंतप्रधान वाजपेयींचे गुडघे २००० आणि २००१ साली मुंबईत ब्रीच कँडीला डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी हे ऑपरेशन पहिल्यांदा ऐकलं. फ्रान्समध्ये ग्रेनोब्लला संगणकाच्या मार्गदर्शनाने पहिला गुडघा बदलला तो १९९७ साली. सरकारने २०१७ मध्ये सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा, म्हणजे नेहमीचा सांधा, तेव्हा दीड लाखाच्या पुढून ५४,७२० रुपयांवर (कर वेगळा) आला. संगणकाचा आणि रोबोटचा खर्च अर्थात त्यात नाही. रोबोट म्हणजे एकटा करवत चालवणारा राक्षस नव्हे. पुष्कळ रोबोटांत हात डॉक्टरांचाच, यंत्र फक्त आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही.

इतकं करून फायदा किती? सांधा सरळ बसण्यात चूक कमी होते. दुखणं आणि चालणं यांत मात्र पुष्कळ अभ्यासांत फारसा फरक दिसलेला नाही. हे डॉक्टरांनी आपणहून सांगितलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आमच्याकडे धुणंभांडी करणारी बाई पावसाळ्यात रोवणीला जाते. तिचेही गुडघे गेलेत. तिने मला एकच विचारलं, "बाई, मंग मले बांधीत उतरता येईन का?" मी तिच्या वतीने नागपूरला विचारलं. चालणं, जिने, बाजार, सगळं होईल. पण चिखलात पाय फसवणं नको, उकिडवं बसून निंदण नको. उकिडवं बसायला गुडघा १३० अंशांहून जास्त वाकावा लागतो, ऑपरेशननंतर ११०-१२० मिळाले तरी समाधान मानायचं. ते ऐकून ती म्हणाली, "मंग माहा दुखणाच बरा." तिला काय उत्तर द्यावं? पडद्यावरच्या नकाशात हाडाचा अर्धा अर्धा अंश मोजला जातो, पण त्या पायांवर घर चालतं याचा रकाना नसतो. तो माणसानेच विचारून भरायचा.

मी तिला एवढंच सांगितलं, की गुडघा आधी जितका वाकतो त्यावर नंतरचं वाकणं बरंच अवलंबून असतं. पार ताठ होईपर्यंत थांबू नकोस. ती अजून विचार करतेय. लेकीलाही विचारणार आहे म्हणे.

माझं ठरलंय. मांडी घालून जेवणं संपलं, हे मनाला पटायला दोन महिने गेले. पंगतीत आता माझं ताट टेबलावर. तारीख दिवाळीनंतरची धरलीय, भारी धानाची मळणी उरकली की. तोवर न्हाणीत कमोड आणि भिंतीला दांडी बसवून घ्यायची आहे. नागपूरला लेक आहेच, गाडीने दोन-अडीच तास. भेटायला येणाऱ्यांनी गर्दी करू नये, आणि कृपया पेढे आणू नयेत. साखर आधीच वाढलीय!