डिझेलचा हिशेब

डिझेलची आणि माझी ओळख रस्त्यावर नाही, विहिरीवर झाली. १९७२ च्या दुष्काळात आमची विहीर खोल खोल गेली आणि पुढं दोन-तीन वर्षांत वडिलांनी मोट सोडून पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्करचं इंजिन बसवलं. दहावी झाल्यावर माझं कॉलेज म्हणजे तेच इंजिन. खटका वर करायचा, हँडल लावून चाक जोरात फिरवायचं, चाकानं वेग घेतला की खटका खाली पाडायचा. फक् फक् करत धूर निघाला की पाणी आलंच समजा. टाकीतलं डिझेल संपून हवा धरली की नट ढिला करून ती काढायलाही तिथंच शिकलो. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, डिझेलला लागत नाही. आत कोंडलेली हवाच इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, मग तिच्यात तेलाचा फवारा पडला की आपोआप पेट घेतो. हे मला कुठल्या मास्तरानं सांगितलं नाही. इंजिन दुरुस्त करायला येणाऱ्या मिस्त्रीनं बिडी ओढत ओढत सांगितलं.

म्हणून २००७ साली डाळिंबाच्या मृग बहारानं हात दिला तेव्हा चारचाकी घ्यायची ती डिझेलचीच, यात घरात चर्चासुद्धा झाली नाही. जीप आली. तिनं काय नाही वाहिलं? डाळिंबाचे क्रेट, शेळ्या, पेंडीची पोती, वस्तीवरच्या दोन बाळंतिणी आणि एकदा अख्खं वऱ्हाड. तेव्हा डिझेल स्वस्त होतं. २०१२ च्या उन्हाळ्यात पेट्रोल ७५ च्या आसपास आणि डिझेल ४५ च्या आसपास होतं, तेव्हा तर डिझेलवाल्याची ऐटच होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं डिझेलच्या दरावरचा हात काढला आणि ती ऐट हळूहळू उतरली. जीपची पंधरा वर्षं २०२२ ला भरली. पर्यावरणाचा कर भरून, पुन्हा पासिंग करून ती आणखी पाच वर्षांसाठी चालू करून घेतली. अजूनही ती बंद पडत नाही. इंजिनाची काही तक्रारच नाही.

तक्रार दुसरीकडं होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या कारभारणीच्या दोन्ही किडन्या गेल्याचं निदान झालं. तेव्हापासून आठवड्यातनं दोनदा पंढरपूरला डायलिसिस. सांगोला तालुक्यातली आमची वस्ती ते पंढरपूर, ३५ किलोमीटर. चार तास मशीनवर, मग परत ३५ किलोमीटर. जाताना ती बोलत असते. येताना बोलत नाही. अंगातलं पाणी काढून घेतलेलं असतं, रक्तदाब खाली आलेला असतो, आणि पाट्याच्या जीपला प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर पोचवायची सवय. एकदा येताना तिनं मला गाडी थांबवायला लावली, उलटी केली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "जीपला काय बोलू नका. तिचं वय झालंय, माझंबी झालंय."

त्या दिवशी थोरल्याला सांगितलं, गाडी बघायची.

आमच्याकडं बैल घेताना माणूस दात बघतो, खूर बघतो, भोवरा बघतो, चालवून बघतो, आणि हेडे राजी असला तर जुंपूनही बघतो. दावणीला उभा असलेला बैल सगळ्यांनाच चांगला दिसतो. शोरूममधल्या गाडीचंही तसंच. पंढरपूरच्या शोरूममध्ये गेलो तर फरशी अशी चकचकीत की गाडीपेक्षा मला चपलांचीच काळजी. तिथला पोरगा मंगळवेढ्याकडचा, बोलायला गोड. डिझेलची पाच माणसांची गाडी त्यानं दाखवली. कंपनीचं नाव सांगत बसत नाही, मी काय तिचा एजंट नाही. तो म्हणाला, "काका, चला, हायवेला पाच किलोमीटर मारून येऊ."

मी म्हणालो, "बाळा, हायवेला कुठलीबी गाडी चांगलीच चालती. गुरुवारी दुपारी दोनला दवाखान्यात ये. मावशीला घेऊन आमच्या वस्तीपर्यंत जायचं. गाडी मी चालवीन, पण बघायची हाय ती तिनं."

पोरानं साहेबाला विचारलं आणि गुरुवारी खरंच दोनला दवाखान्याच्या दारात गाडी घेऊन हजर झाला. हिला धरून बाहेर आणलं तर त्यानं अदबीनं डाव्या बाजूचं मागचं दार उघडलं. ही तिथं क्षणभर थांबली आणि गाडीला वळसा घालून उजव्या दाराकडं गेली. त्याला कळेना. मग मी सांगितलं, हिच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे. डायलिसिसच्या सुया त्या हाताच्या शिरेत घालतात. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, लोंबकळायचं नाही, तो हात दाबू द्यायचा नाही. डाव्या दारानं चढायचं तर पुढच्या सीटला डावा हात लावावा लागतो, उजव्या दारानं चढायचं तर उजवा. जीपला उंच पाय टाकून चढताना दोन वर्षं ती हे सांभाळत आली होती. ह्या गाडीत ती उजव्या हातानं सीटची पाठ धरून, फार वाकावं न लागता आत बसली. पहिली परीक्षा तिथंच पार पडली.

निघालो. थोरला जीप घेऊन मागं. गाडीचा आवाज मला आधी आवाजच वाटेना. पहिल्या दुसऱ्या गिअरला जरा सुस्त, पण काटा दीड हजार फेऱ्यांच्या पुढं गेला की पाठीमागून कुणीतरी हात लावून ढकलावं तशी ओढायला लागायची. मी पोराला विचारलं, "आताच्या डिझेल गाडीची खोड काय? चांगलं सगळं तू सांगितलंस. खोड सांग."

पोरगा खरं बोलला. एप्रिल २०२० पासून बीएस सिक्सचा नियम आला. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर एक फिल्टर असतो. काजळी तो अडवतो, आणि साठलेली काजळी आतल्या आत जाळून टाकतो. पण त्यासाठी गाडी एका लयीत पंधरा-वीस मिनिटं तरी पळावी लागते. नुसतं शेत ते घर, घर ते डेअरी केलं तर फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि खर्च निघतो. कॅनमधलं कसलंही डिझेलही चालत नाही, फवाऱ्याची भोकं फार बारीक असतात. "काका, कमी फिरणाऱ्याला आम्हीच पेट्रोल घ्या म्हणतो," तो म्हणाला. देशातल्या सगळ्यात मोठ्या कार कंपनीनं २०२० पासून डिझेल गाड्या करायच्या बंद केल्यात, हे मला ठाऊक होतं. विहिरीवरच्या माझ्या जुन्या दोस्ताचे दिवस फिरले होते.

वस्तीच्या अलीकडं तीन किलोमीटर कच्चा रस्ता. तिथं मी वेग जीपचाच ठेवला, मुद्दाम. ओढ्याच्या चढावर गाडी पूर्ण थांबवली आणि पुन्हा उचलली. मागं सरकली नाही. आरशात बघितलं तर ही डोळे मिटून बसलेली. काळजात चर्र झालं. हाक मारली, "अगं, बरं हाय न्हवं?"

"झोप लागली वो," ती म्हणाली. "घर आलं का?"

त्या वाटेवर दोन वर्षांत पहिल्यांदा तिला झोप लागली होती.

पोराला चहा पाजून लावून दिला आणि खताच्या दुकानाच्या पावतीमागं मी हिशेब मांडला. डायलिसिसच्या दोन फेऱ्या धरल्या तर वर्षाला ७,२८० किलोमीटर. बाजार, लग्नं, पैपाहुणा धरून १२,०००. डिझेल लिटरला १८ किलोमीटर आणि ९१ रुपये, पेट्रोल १४ किलोमीटर आणि १०४ रुपये. डिझेलला वर्षाला साधारण साडेअठ्ठावीस हजारांची बचत. पण डिझेलची गाडी रस्त्यावर येईपर्यंत एक लाख तीस हजारांनी महाग. म्हणजे जादा पैसे वसूल व्हायला साडेचार वर्षं.

थोरला शेजारी बसून बघत होता. त्यानं पेन घेतलं आणि गप्पकन दुसरं गणित केलं. पंढरपूरच्या फेऱ्या सोडून. मग उरले ४,७२० किलोमीटर, आणि वसूल व्हायला साडेअकरा वर्षं. शिवाय तेवढ्यावर फिल्टरही तुंबणार. त्यानं आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. दोघंही काही बोललो नाही. म्हणजे डिझेल परवडणार ते ही जात राहिली तरच. तिच्या जाण्यायेण्यावरच गाडीचं सगळं गणित उभं होतं.

ही कधी मागं येऊन उभी राहिली कळलं नाही. सातवी शिकलेली बाई, आकडे वाचता येतात. तिनं पावती उचलली, दोन्ही गणितं वाचली, आणि थोरल्याच्या गणितावर बोट ठेवून म्हणाली, "हे कशाला केलंस?"

थोरला मान खाली घालून बसला.

"तुमच्या बाचं गणित बरोबर हाय," ती म्हणाली. "साडेचार वर्सं धरल्यात न्हवं? मग घ्या डिझेल. तेवढं वसूल केल्याबिगर मी काय हलत न्हाय."

दिवाळीच्या आधी गाडी आली. जीप गोठ्याशेजारी असते, क्रेट वाहायला. नव्या गाडीच्या डॅशबोर्डात मी एक वही ठेवलीय. प्रत्येक फेरीला तारीख आणि किलोमीटर लिहितो. डिझेलचा हिशेब, असं वर लिहिलंय. आज सकाळी लिहिलेला फेरीचा नंबर आहे १०३.