ओवी आणि वयाचा दाखला

कॉलेजात मी मराठी शिकवते आणि सुटीत बीड जिल्ह्यातल्या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करते. स्टाफरूममध्ये समज असा, की बाईंचं हे सगळं कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फायलीसाठी चाललंय. असू दे. माझ्यापुढे उदाहरण आहे ते संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांचं: त्यांनी हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या त्यातल्याच. हे दोघं डोंगरभागातल्या गरिबांच्या ‘गरीब डोंगरी संघटने’तही राबले. माझ्या लेखी अभ्यास म्हणतात तो याला.

पाटोदा तालुक्यातल्या एका आजींकडे गेले होते. गिरणी आल्यापासून जातं वळचणीला पडलेलं. ‘‘नुस्तं बसून कसं आठवंल, बाई? हात चालला की तोंड चालतं.’’ मग जातं ओसरीत ओढलं, खुंटा ठोकला, बाजरीचा घास पडला. दोन-चार फेरे मुकेच गेले आणि मग धार लागली. आधी विठ्ठल, मग भाऊ, मग सासूचे उद्धार. मध्येच बहात्तरचा दुष्काळ आला: कडेला लेकरू, हातात हातोडा, खडीचा ढीग आणि दुपारची सुकडी. छापील संग्रहांत ही ओवी मला कुठे भेटली नव्हती. ती आजींची स्वतःची होती.

पीठ भरून झाल्यावर त्यांनी उशाखालची प्लॅस्टिकची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज वयावरून परत आलेला. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी 1968. योजनेला 65 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे खडी फोडताना आजी चार वर्षांच्या, आणि कडेवर लेकरू!

ओवी काही कचेरीत पुरावा म्हणून चालत नाही. पण पुरावा कुठे शोधायचा ते तिनं सांगितलं. कडेवरच्या त्या लेकराचं नाव जिल्हा परिषदेच्या शाळेत निघालं. निर्गम उताऱ्यावर जन्मसाल 1971. तो उतारा, सरकारी दवाखान्याचा वयाचा दाखला, आधारची दुरुस्ती, उत्पन्नाचा दाखला असं करत, तलाठ्यापासून तहसीलपर्यंत चपला झिजवत अर्ज पुन्हा दिला. यथावकाश आजींच्या खात्यावर पैसे जमा झाले. या खेपांच्या वाटेवर एसटीत त्यांनी ज्या ओव्या म्हटल्या, त्यांची वेगळी वही झाली आहे.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी ओव्या म्हणणारी असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, तिचं नाव-गाव टिपून ठेवा. आणि उठण्याआधी तिच्या आधार कार्डावरची जन्मतारीख एकदा वाचा.