डेल्फ्टमधली एक गल्ली

आमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’पुढं जत्रा लोटलेली असते. त्याच म्युझियममध्ये जेमतेम ५४ सेंटिमीटर उंचीचं, घरातल्या तसबिरीएवढं एक चित्र आहे. योहानेस व्हरमीरनं ते १६५८ च्या सुमाराला काढलं. नाव ‘छोटी गल्ली’.

“अहो, पण ह्यात ऊन कुठं आहे?” सौभाग्यवतींनी विचारलं.

खरंच, नव्हतं! वर ढग भरलेले. विटांचं जुनं घर, त्याच्या भेगा गवंड्यानं लिंपलेल्या. दारात एक बाई शिवणात गढलेली, बोळात दुसरी पिंपाशी वाकलेली, फरसबंदीवर दोन पोरं पाठमोरी खेळताहेत. कुणाचंच तोंड धड दिसत नाही. उजेड आहे तो तळमजल्याच्या चुन्याला आणि बायकांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या कापडाला. पाऊस उघडावा, पण आभाळ तसंच राहावं, अशा दुपारी आपल्या वाड्याच्या चौकात असतो, तसला तो उजेड. डोळे दिपत नाहीत. वीट न् वीट मात्र दिसते.

ही गल्ली नेमकी कुठली, यावर पंडितांचा वाद पुष्कळ वर्षं चालला होता. २०१५ मध्ये फ्रान्स ग्रेझेनहाउट या प्राध्यापकांनी उत्तर दिलं, तेही एका सरकारी वहीतून! कालव्यांचा गाळ काढण्यासाठी घरमालकांकडून पट्टी घेत. १६६७ च्या त्या वहीत घरांच्या आणि बोळांच्या रुंदीची मापं आहेत. ती जुळली फ्लामिंगस्ट्राटवर, आजच्या ४० आणि ४२ नंबरला. म्युनिसिपालिटीच्या दप्तरांना आपण उगीच नावं ठेवतो.

त्याच वेळी कळलं की, उजवीकडचं घर व्हरमीरच्या सावत्र आत्याचं. ती विधवा होती. वजडी विकून तिनं पाच मुलं वाढवली. शेजारच्या बोळाला लोक ‘वजडीचा दरवाजा’ म्हणत.

दुसऱ्या दिवशी आगगाडीनं तासाभरात डेल्फ्ट गाठलं. घरं आता नंतरच्या काळातली आहेत. बोळ तेवढा राहिला आहे. आभाळ भरलेलंच होतं.

“वजडी धुऊन विकणारी बाई इतकी निवांत बसेल होय?” सौभाग्यवती म्हणाल्या. “चित्रकारांना काय, बायका बसलेल्याच दिसतात!”

मी खिशातलं पोस्टकार्ड काढून पुन्हा पाहिलं. दारातल्या बाईची मान खालीच होती आणि हात शिवणात.