फी, बिल, दर

वैद्यकीच्या व्यवसायात पैशाला जितकी नावे पडली, तितकी ती अन्य व्यवसायांत क्वचितच पडली असतील. दक्षिणा, मानधन, फी, बिल, दर, पॅकेज, क्लेम हा शब्दक्रम म्हणजे भाषेत पडलेली केवळ भर नव्हे. रोगी आणि वैद्य यांच्यातील नात्याचा तो एक संक्षिप्त इतिहास आहे. दक्षिणा देणाऱ्याच्या श्रद्धेवर अवलंबून असे. मानधनात मान आधी येई आणि धन मागाहून. फी या शब्दाने परकीय असूनही मराठीत असे काही घर केले, की त्याला प्रतिशब्द शोधण्याची गरज कोणाला भासली नाही. बिल छापील असते, दर जाहीर असतो, पॅकेज ठरलेले असते. आणि क्लेम तर रोग्याला दिसतही नाही. या शेवटच्या शब्दापाशी पोहोचेपर्यंत पैसा रोग्याच्या हातातून डॉक्टरच्या हातात जाण्याचे थांबलेले असते.

बेळगावच्या शहापूर भागात १९७६ साली ज्यांनी आपला दवाखाना थाटला, त्या एका डॉक्टरांच्या आयुष्यात हे सारे शब्द एकामागून एक येऊन गेले. आरंभी एक खोली, एक लाकडी बाक, पडद्याआड तपासणीचे टेबल आणि औषधे देणारा एक कंपाउंडर एवढाच संसार होता. रोगी शहरातले असत, तसेच खानापूर आणि चंदगड या तालुक्यांतून पहाटेची बस धरून आलेलेही असत. दुखणे मराठीत सांगितले जाई, कानडीत सांगितले जाई, क्वचित कोकणीतही. मात्र फीविषयीचे बोलणे कोणत्याच भाषेत पुरे होत नसे. माणूस उठताना खिशात हात घाली, काहीतरी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवी आणि म्हणे, ‘डॉक्टर, उरलेले सुगी झाल्यावर देतो.’ डॉक्टर मान हलवीत. नोटा न मोजता खणात टाकण्याची त्यांची सवय त्या गल्लीत कौतुकाचा विषय झाली होती. मार्गशीर्षात कोणाकडून तरी भाताचे पोते येई. त्याची नोंद कोठल्याच वहीत होत नसे.

या व्यवस्थेचे पुष्कळ गुणगान पुढे झाले आहे, आणि ते सर्वस्वी निराधार नाही. फी ही लवचीक वस्तू होती. पेढीवाल्याकडून अधिक घ्यावे, विणकराकडून कमी घ्यावे, विधवेकडून घेऊच नये, असा एक अलिखित संकेत तिच्यात होता. परंतु कोणाकडून किती घ्यावे, हे ठरविणारा एकच मनुष्य होता आणि तोच घेणाराही होता. त्याची दया हीच कायद्याच्या जागी होती. दया खरी असली, तरी ती मागून मिळवता येत नाही. आणि जी मागता येत नाही, तिच्यावर आजारी माणसाने विसंबावे, हा न्याय नव्हे. १९४६ मध्ये सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने नेमके याच ठिकाणी बोट ठेवले होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व त्या अहवालाने स्वातंत्र्यापूर्वीच मांडले. देशाने ते मान्य केले आणि ग्रंथालयात ठेवून दिले. मधल्या काळात रोग्यांचा भार वाहिला तो बव्हंशी अशाच एकट्या-दुकट्या खाजगी डॉक्टरांनी. त्यांच्या उदारतेवर आणि त्यांच्या लहरीवर देश चालला.

नव्वदीच्या दशकात शहापुरातला दवाखाना दहा खाटांचा झाला. सोनोग्राफीचे यंत्र आले, त्यामागोमाग बँकेचे कर्ज आले आणि कर्जापाठोपाठ दरमहाचा हप्ता. १९९५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला. जेथे सर्वांनाच सेवा विनामूल्य मिळते, तेवढी ठिकाणे तिने वगळली. त्या निर्णयाने फीचा अर्थच बदलला. जी गोष्ट डॉक्टर न मोजता खणात टाकीत असत, तीच आता रोग्याला ग्राहक ठरविणारी खूण झाली. साहजिकच पावतीपुस्तक आले, काउंटर आले, काउंटरमागे पगारी माणूस आला. डॉक्टरांना यात एक प्रकारची सुटकाही वाटली. पैशाविषयी बोलण्याचे संकट त्यांच्यापुरते संपले होते. हाताला पैसा लागत नाही म्हणजे हात स्वच्छ राहिले, असे समजणे किती सोपे असते!

१९९८ च्या पावसाळ्यात खानापूरकडील एक वृद्ध शेतकरी त्यांच्या रुग्णालयात पाच दिवस राहिला आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी वारला. करण्यासारखे सारे काही करून झाले होते. डॉक्टरांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, दोन शब्द बोलले आणि वरच्या मजल्यावर जेवायला गेले. सकाळी ते खाली उतरले, तेव्हा शव तेथेच होते. बिलाचे सतराशे रुपये राहिले होते. काउंटरवरच्या माणसाने नियम सांगितला होता. मुलगा रात्रीच्या बसने गावी गेला होता आणि पहिल्या बसने पैसे घेऊन परतला होता. त्याने पैसे मोजून दिले, पावती घेतली, आणि जाताना डॉक्टरांना हात जोडले. तक्रारीचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. त्या घरून दरसाल येणारे भाताचे पोते मात्र त्या वर्षापासून आले नाही.

डॉक्टरांनी तो नियम त्याच दिवशी बंद केला. परंतु तो नियम केला कोणी होता, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी तो कधी सांगितला नव्हता. त्यांनी केवळ हप्त्याची काळजी काउंटरवर बोलून दाखविली होती.

या घटनेनंतर एकोणीस वर्षांनी, २०१७ च्या नोव्हेंबरात, कर्नाटकाच्या खाजगी डॉक्टरांनी आपापले दवाखाने बंद केले. २००७ च्या खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक सरकारने आणले होते. उपचारांचे दर शासनाने ठरवावेत, जादा आकारणी करणाऱ्यास कारावासाची शिक्षा असावी, तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर यंत्रणा असावी, अशा त्याच्या मूळ मसुद्यातील तरतुदी होत्या. विधिमंडळाचे अधिवेशन तेव्हा बेळगावच्या सुवर्ण विधानसौधेत भरत होते. त्यामुळे राज्यभरातील डॉक्टर बेळगावातच येऊन धडकले. ज्या शहरात रोगी बसने येत, त्या शहरात त्या आठवड्यात डॉक्टर बसने आले.

आपले डॉक्टरही संघटनेच्या हाकेला ओ देऊन निदर्शनांना गेले. त्यांचा संताप खोटा नव्हता. कर्जाचा व्याजदर शासन ठरवीत नाही, यंत्राची किंमत ठरवीत नाही, परिचारिकांच्या पगारासाठी छदाम देत नाही. मग शस्त्रक्रियेचा दर तेवढा त्याने का ठरवावा? चाळीस वर्षे सरकारी इस्पितळांच्या उणिवा ज्यांनी भरून काढल्या, त्यांनाच आता तुरुंगाचे भय दाखवावे? हे प्रश्न गैर नव्हते. मात्र विधेयकाची प्रत हातात आल्यावर डॉक्टरांची नजर एका कलमावर खिळून राहिली: रोग्याचा मृत्यू झाल्यास थकबाकीसाठी शव अडवून ठेवता येणार नाही. सभोवती घोषणा चालल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा घोषणा त्यांना मान्यही होत्या. परंतु त्या कलमाच्या विरोधात आवाज उठविण्याइतका त्यांचा गळा मोकळा नव्हता, आणि त्याच्या बाजूने उभे राहावे तर सहकारी दुखावले असते. ते गप्प उभे राहिले.

या पेचात सापडलेले ते पहिले डॉक्टर नव्हेत. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होण्याच्या काही महिने आधी तेथील वैद्यक संघटनेच्या मतदानात प्रचंड बहुमत विरोधात गेले होते. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी तज्ज्ञांना खाजगी रोगी पाहण्याची मुभा दिली, सामान्य डॉक्टरांना पगारी नोकर न करता स्वतंत्र कंत्राटदार म्हणून राहू दिले, आणि ५ जुलै रोजी सेवा सुरू झाली. कॅनडातील सॅस्कॅचवान प्रांतात १ जुलै १९६२ रोजी आरोग्यविमा लागू होताच डॉक्टर संपावर गेले. तेवीस दिवसांनी तडजोड झाली. या योजनेचा पाया घालणारे टॉमी डग्लस यांचा पाय बालपणी हाडांच्या विकाराने कापण्याची वेळ आली होती. विद्यार्थ्यांना उपचार पाहू द्यावेत, या अटीवर एका शल्यचिकित्सकाने तो फुकट वाचविला. डग्लस यांनी या उपकारातून काढलेला निष्कर्ष मार्मिक होता: मुलाचा पाय वाचणे हे एखाद्या भल्या डॉक्टरची नजर त्याच्यावर पडण्यावर अवलंबून असता कामा नये. उपकार करणाऱ्याविषयी कृतज्ञता आणि उपकाराच्या व्यवस्थेविषयी असमाधान ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. आणि ज्या डॉक्टरांनी त्या योजनेविरुद्ध संप केला, त्यांच्याच देशाने २००४ मध्ये दूरचित्रवाणीवरील जनमत-कौलात डग्लस यांना सर्वश्रेष्ठ कॅनेडियन ठरविले.

बेळगावच्या त्या आठवड्यातही अखेर तडजोडच झाली. मुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन संप मिटला. तुरुंगाची भाषा सौम्य झाली. दर ठरविण्याचा अधिकार मुख्यतः शासकीय योजनांखालील उपचारांपुरता उरला. शवाविषयीचे कलम मात्र टिकले. पुढे २०२३ च्या मार्चमध्ये राजस्थानच्या विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदा संमत केला, तेव्हा तेथील खाजगी डॉक्टरही रस्त्यावर आले. तातडीच्या रोग्याला आगाऊ पैसे न मागता तपासावे, हे ठीक. पण नंतर ते पैसे देणार कोण, हा त्यांचा सवाल होता. प्रांत बदलला, भाषा बदलली, प्रश्न तोच राहिला.

संप मिटल्यावर वर्षही लोटले नाही तोच, २३ सप्टेंबर २०१८ रोजी, आयुष्मान भारत योजनेचा देशभर प्रारंभ झाला: पात्र कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार. कर्नाटकाने आपली योजना तिच्याशी जोडून घेतली. ‘पॅकेज’ आणि ‘क्लेम’ हे शब्द शहापुरात येऊन पोहोचले ते असे. प्रत्येक शस्त्रक्रियेला एक सांकेतिक क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला एक रक्कम. मोठी रुग्णालये संख्येच्या बळावर ही रक्कम पेलू शकतात. दहा खाटांच्या रुग्णालयाला दर परवडला तरी पैसे हाती येईपर्यंतचा काळ परवडत नाही. पूर्वी सुगीपर्यंत थांबावे लागे, आता संगणकाच्या मंजुरीपर्यंत. फरक एवढाच, की सुगी दरवर्षी ठरल्या वेळी येई.

याहून खोल फरक डॉक्टरांना सावकाश उमगला. ज्या दरनियंत्रणाविरुद्ध ते रस्त्यावर उभे राहिले होते, त्याने त्यांच्या रोजच्या कामाला स्पर्शच केला नव्हता. नवी योजना दाखल झालेल्या रोग्यासाठी होती; सकाळी ताप घेऊन बाकावर येऊन बसणारा माणूस तिच्यात नव्हता. कोणत्या रोग्याला कोठे पाठवावे, हा कुटुंबाच्या डॉक्टरचा जुना अधिकारही, तातडीचे प्रसंग सोडले तर, सरकारी रुग्णालयाच्या शिफारसपत्राकडे गेला. शासनाने त्यांचा दर कमी केला नव्हता. त्याच्या हिशेबात ते नव्हतेच. अपमानाचा निषेध करता येतो, विस्मरणाचा कसा करावा? आणि तरीही, खानापूरकडील एक बाई नवऱ्याच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना भेटायला आली आणि ‘एक पैसा लागला नाही’ असे म्हणाली, तेव्हा तिच्या स्वरात त्यांना जे ऐकू आले ते कृतज्ञतेहून वेगळे होते. तिने कोणापुढेही हात जोडले नव्हते.

२०२४ च्या ऑक्टोबरात ही योजना सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, खुली करण्यात आल्याची घोषणा झाली. डॉक्टरांनी ती बातमी वर्तमानपत्रात दोनदा वाचली. त्यांनी सत्तरी केव्हाच ओलांडली होती. कार्ड प्रत्यक्ष हाती येईल तेव्हा येईल. पण त्या वाक्याने त्यांना टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, त्या लाकडी बाकावर नेऊन बसविले होते. उद्या त्यांच्यावर उपचार करणारा कोणी तरुण डॉक्टर पॅकेजच्या रकमेवर चिडेल, आणि त्याचे चिडणे त्यांना समजेलही. तरीही काउंटरवर आपल्या मुलाला कोणी थांबवू नये, एवढी अपेक्षा ते करतील. आणि ती अपेक्षा उपकाराची नसेल.

दवाखाना अजून सकाळी दोन तास उघडतो. टेबलाच्या कोपऱ्यावर नोटा ठेवल्या जातात, खणात जातात. मार्गशीर्षात एखादे पोते अद्याप येते. अलीकडे डॉक्टर ते कोणाकडून आले, हे वहीत लिहून ठेवतात. त्या वहीच्या पहिल्या पानावर मात्र एका गावाचे नाव आणि सतराशे हा आकडा आहे. त्याच्यापुढे जमा की येणे, हे लिहिलेले नाही.