साखळी नसलेली गाडी

आजोबांची लॅम्ब्रेटा भंगारात द्यायचे घरात जवळजवळ ठरले होते. १९५१ ते १९५८ या काळातले हे एल. डी. मॉडेल, तिला साखळी नाही. इंजिनाचा जोर दांड्यातून मागे जातो आणि तिरप्या दातांची चक्रे तो काटकोनात वळवून चाकाला देतात. तिथेच खरखर येई.

सुट्टीत आम्ही ती पेटी अंगणात उघडली. बेअरिंग बदलले. दातांना निळा रंग लावून चक्र फिरवले, तर ठसा कडेला उमटे. मग पातळ शिम घालायची, पुन्हा फिरवायचे. सोलापूरच्या गिरणीत जॉबर असलेल्या आजोबांना आता ऐकू कमी येते. प्ले ते बोटांनीच जोखत. ठसा मध्यावर आला तेव्हा एवढेच म्हणाले, "आता कुरकुरणार नाही."

गिरणी गेली, पण हातांना कळलेले भंगारात जात नाही.